जायफळाचं झाड आणि तिसरा आग्रह

आमच्याकडे मिनेसोटात बायको आधीच स्वच्छ असलेला ओव्हन पुन्हा घासायला लागली, की नवऱ्याने समजून जावं. तिला कुणीतरी दुखावलेलं असतं, आणि कुणी दुखावलं हे ओव्हन घासून झाल्याशिवाय कळत नाही. त्या रविवारी मार्लिस चर्चमधून आली ती थेट ओव्हनमध्ये शिरली. मी पेपर वाचत बसलो. बातम्या संपल्या, जाहिराती संपल्या, निधनवार्ता दुसऱ्यांदा वाचून झाल्या, तेव्हा ओव्हनमधून आवाज आला.

"नॉर्मन, जायफळ आणि जायपत्री एकाच फळात असतात की नाही?"

मी आयुष्यभर शाळेच्या बसगाड्या वेळेवर सोडण्याचं काम केलं. जायफळ मला फक्त पुडिंगवरची तपकिरी धूळ म्हणून माहीत. पण इतकी वर्षं संसार केल्यावर कोणत्या प्रश्नाला "हो" म्हणायचं, एवढं कळतं.

"असतात," मी म्हणालो.

"तेच मी सांगत होते! आणि लव्हॉन म्हणते कशी, मग लोणी आणि पावसुद्धा एकाच गाईला येत असतील. सगळ्या हसल्या."

"आणि तू?"

"मीपण हसले."

हे सगळ्यात वाईट. आमच्याकडे अपमान झाला की हसायची पद्धत आहे. रडलं असतं तर प्रकरण तिथेच मिटलं असतं.

लव्हॉन म्हणजे आमची शेजारीण. चर्चच्या तळघरातल्या स्वयंपाकघराची ती सम्राज्ञी आहे. तिथे कॉफी किती कडक असावी इथपासून सगळं ती ठरवते. मार्लिसने तिला फोनवर जायफळाचं चित्र शोधून दाखवलं, तर तिने ते दुरूनच पाहिलं. "फोनवर काय वाट्टेल ते दिसतं गं. माझ्या नातवाने परवा मला घोड्याचं डोकं लावलं होतं."

मला वाटलं, ओव्हन चकाकला, विषय संपला. पण पुढच्याच आठवड्यात मार्लिसने जेवणाच्या टेबलावर एक रंगीत माहितीपत्रक ठेवलं. फ्लोरिडाहून सुटणारं जहाज, कॅरिबियनमधली बेटं, आणि त्यातल्या एका नावाखाली पेनाने रेघ.

"ग्रेनाडा," मार्लिस म्हणाली. "तिथे जायफळ झेंड्यावर आहे, नॉर्मन. झेंड्यावर! मला ते झाडावर बघायचंय. माझ्या डोळ्यांनी."

मार्लिसने आयुष्यात स्वतःसाठी फारसं काही मागितलेलं नाही. मागायची वेळ आली तर "बघ, तुला वाटलं तर" असं म्हणून ती भांडी विसळायला जाते. त्या दिवशी ती भांडी विसळायला गेली नाही. मी समजलो, आता जावं लागणार.

बातमी फुटली आणि लव्हॉनचा नवरा ड्वेन सल्ला द्यायला आला. त्या दोघांनी इतक्या जहाजसफरी केल्या आहेत, की घरात चालतानाही ड्वेन थोडा डोलतो. त्याने सांगितलं, की खोलीच्या दारावर लावायला लोहचुंबकाची चित्रं न्या, नाहीतर सगळी दारं सारखी दिसून तुम्ही दुसऱ्याच्या पलंगावर जाऊन झोपाल. प्लॅस्टिकची बदकं न्या, ती जहाजावर लपवून ठेवायची असतात. का, ते त्यालाही माहीत नव्हतं.

"आणि बंदरावर उतरू नका," तो म्हणाला. "लव्हॉन तर आजवर एकदाही उतरली नाही. उतरून करायचंय काय? जहाजावर आइस्क्रीम फुकट आहे. खरी मजा जहाज सुटताना. गॅलरीत उभं राहायचं आणि उशीर झालेले लोक धक्क्यावरून पळत येतात ते बघायचं. अख्खं जहाज टाळ्या वाजवतं! त्यासारखी करमणूक नाही."

"पण जहाज थांबतं ना त्यांच्यासाठी?"

"जहाजाच्या सहलीला गेलात तर थांबतं. बाहेरच्या टॅक्सीने गेलात तर हात हलवून निघून जातं."

मग पासपोर्ट. पोस्टातल्या बाईंनी माझा फोटो काढला. महिन्याभराने तो परत आला. माझ्या कानाची सावली मागच्या पडद्यावर पडते, असं सोबत कळवलं होतं. माझ्या कानांबद्दल लग्नाआधी सासऱ्यांनी काहीतरी सूचित केलं होतं, पण सरकारने लेखी मत देण्याची ही पहिलीच वेळ. दुसऱ्या फोटोच्या वेळी पोस्टातल्या बाई दिवा धरून उभ्या होत्या, एक टपालवाला कानामागे पांढरा कागद धरून होता, आणि तिकिटं घ्यायला आलेली रांग सूचना देत होती. गावात नंतर बरेच दिवस लोक मला "कसे आहात?" असं विचारताना कानांकडे बघत.

असो. आम्ही जहाजावर पोहोचलो. पहिल्या बंदरावर आम्ही ड्वेनच्या सल्ल्याप्रमाणे गॅलरीतच उभे राहिलो. शिडी उचलायची वेळ झाली, आणि खरोखरच एक जोडपं धक्क्यावरून धावत आलं. नवऱ्याच्या डोक्यावर गुलाबी फ्लेमिंगो पक्ष्याच्या आकाराची टोपी होती, पळताना तिची मान पुढेमागे होत होती. वरून टाळ्या, शिट्ट्या, आरोळ्या. मी टाळ्या वाजवल्या नाहीत. मी फक्त मान हलवली.

"वेळ पाळायला काय होतं लोकांना?" मी म्हणालो. "बस सुटली म्हणजे सुटली."

 मार्लिस त्या माणसाकडे बघत होती. "कुठे गेले असतील रे ते? इतका उशीर झाला, म्हणजे काहीतरी बघण्यासारखं असणार."

ग्रेनाडाच्या आदल्या दिवशी मसाल्यांच्या सहलीत नाव घालायला जहाजावरच्या खिडकीशी रांग लावली. आमचा नंबर येईपर्यंत सहल भरली. खिडकीतल्या मुलीने गोड हसून सांगितलं, की माशांबरोबर पोहण्याच्या सहलीत जागा आहे. मी म्हणालो, मासे मला ताटात बरे वाटतात. मार्लिस "असू दे, असू दे" म्हणाली आणि खोलीत जाऊन बेसिन घासायला लागली. तेव्हा मी मन घट्ट केलं. बाहेरची टॅक्सी करायची.

इथे आमच्या एका रीतीबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. मिनेसोटात कुणी काही देऊ केलं, की पहिल्यांदा नको म्हणायचं. दुसऱ्यांदा विचारलं, की "नको हो, कशाला त्रास" म्हणायचं. तिसऱ्यांदा विचारलं, की "बरं, तुमचा एवढा आग्रहच असेल तर" म्हणून घ्यायचं. पहिल्याच वेळी हो म्हणणारा माणूस आमच्याकडे हावरट गणला जातो. आणि तिसऱ्यांदा न विचारणारा माणूस आमच्याकडे नसतोच. निदान ग्रेनाडाला जाईपर्यंत मला तो भेटला नव्हता.

त्याचं नाव अल्विन. धक्क्याबाहेर व्हॅनला टेकून उभा होता. तरतरीत, बोलका माणूस. "काय बघायचंय, काकू?" त्याने विचारलं.

"तुम्हाला सोयीचं असेल ते दाखवा," मार्लिस म्हणाली. दुसऱ्या बाईने सरळ "जायफळ" म्हटलं असतं.

अल्विनने त्याला सोयीचं ते दाखवलं. किल्ला दाखवला, क्रिकेटचं मैदान दाखवलं, त्याच्या चुलतभावाच्या घराचं नवं छप्पर दाखवलं. छप्पर खरोखर चांगलं होतं. प्रत्येक वळणावर हॉर्न वाजवत व्हॅन डोंगर चढत होती, आणि मार्लिस प्रत्येक झाडाकडे मान वळवून बघत होती. अखेर एका चढावर अल्विन म्हणाला, "इथे वर माझी मावशी राहते, युडीन. तिच्या परसात जायफळाचं झाड आहे. बघायचंय?"

मार्लिसचा हात माझ्या दंडावर घट्ट झाला. "नको नको," ती म्हणाली, "मावशींना कशाला त्रास."

"त्रास कसला? घरीच असते ती."

"नको हो. खरंच नको."

"बरं," अल्विन म्हणाला, आणि त्याने व्हॅन दामटली.

आम्ही दोघं तिसऱ्या आग्रहाची वाट बघत राहिलो. एक वळण गेलं. दुसरं गेलं. अल्विन गाणं गुणगुणायला लागला. मागे वळून पाहिलं तर मावशींचं घर झाडीत कुठल्या कुठे गेलं होतं. मार्लिसने पर्समधून रुमाल काढला आणि व्हॅनची खिडकी पुसायला घेतली. खिडकी आरशासारखी स्वच्छ होती.

मी आयुष्यात कुणाकडे तोंड उघडून काही मागितलेलं नाही. भर थंडीत ड्वेनकडे फावडं मागायचं तरी मी आधी त्याच्या अंगणात उभा राहून बर्फाबद्दल बोलतो, मग तोच फावडं आणून देतो. पण तो रुमाल त्या काचेवर गोल गोल फिरत होता, आणि माझ्याने ते बघवेना.

"थांबवा गाडी!" मी ओरडलो. "आम्हाला झाड बघायचंय! मघाशी नको म्हणालो ते खरं नव्हतं!"

अल्विनने ब्रेक दाबला आणि मागे वळून बघितलं. "मग नको का म्हणालात?"

"तुम्ही तिसऱ्यांदा विचारलंच नाहीत."

मग त्याला सगळी रीत समजावून सांगावी लागली. त्याला त्यात भलताच रस वाटला. "म्हणजे जेवायला वाढतानासुद्धा तीनदा?"

"तीनदा."

"अन्न गार होत असेल की, काका!"

"मिनेसोटात सगळंच गार होतं."

"आणि काकूंना मागणी घातलीत तेव्हा?"

"दोनदा नाही म्हणाली."

"आणि हा घरी निघून गेला," मार्लिस म्हणाली. "तिसऱ्यांदा विचारायला पुढचा हिवाळा उजाडला. तोवर मी आईचा ओव्हन घासून घासून पातळ केला."

अल्विन स्टिअरिंगवर डोकं ठेवून हसला. मात्र व्हॅन वळवायला त्या अरुंद रस्त्यावर जागा नव्हती, म्हणून बरंच पुढे जाऊन, एका बकरीची समजूत घालून, आम्ही परत फिरलो.

युडीनबाई उंच, रुंद आणि खणखणीत आवाजाच्या होत्या. "सरबत घेणार?" त्यांनी दारातच विचारलं.

"न..." मार्लिस म्हणाली, थांबली, डोळे मिटले. "हो. हवंय." तिचा चेहरा असा लाल झाला, जणू तिने दुकानातून काहीतरी उचलून पर्समध्ये टाकलं होतं.

परसात ते झाड होतं. पिवळसर फळं, जर्दाळूएवढी. काही फळं पिकून आपोआप उकललेली. युडीनबाईंनी एक तोडून मार्लिसच्या हातात दिलं. आत काळसर चकचकीत बी, आणि तिच्याभोवती लालभडक जाळी घट्ट गुंडाळलेली. इतका लाल रंग मी खाण्याच्या पदार्थात कधी पाहिला नव्हता.

"ही जायपत्री," युडीनबाई जाळीवर बोट ठेवून म्हणाल्या, "आणि आत जायफळ."

"एकाच फळात," मार्लिस हळूच म्हणाली. ती फळ हातात फिरवत राहिली. तिने वास घेतला, जाळीला नखाने स्पर्श केला, झाडाकडे वर बघितलं, परत फळाकडे बघितलं. मला तिच्याकडे बघून फार आनंद झाला. इतकी वर्षं आम्ही एका घरात राहिलो, आणि एखादी गोष्ट बघायला मिळाल्यावर ती अशी दिसते, हे मला ठाऊक नव्हतं.

"नॉर्मन, फोटो काढ. नीट काढ. लव्हॉनला दाखवायचाय."

मी फोन उचलला, आणि नेमक्या त्याच वेळी युडीनबाईंनी मला विचारलं, "काय हो, तुमच्याकडे तळ्याचं पाणी खरंच दगडासारखं होतं? वरून चालता येतं?"

"चालता काय, वर गाडी नेतो आम्ही."

"पाण्यावर? गाडी?"

"गाडी नेतो, लाकडी खोपटं नेतो, त्यात शेगडी पेटवतो. मग बर्फाला भोक पाडतो आणि गळ टाकून बसतो."

"दिवसभर?"

"दिवसभर."

"मासे खूप मिळत असतील मग."

"क्वचित."

"मग जाता कशाला?"

"हे मी लग्न झाल्यापासून विचारतेय," मार्लिस म्हणाली.

वाचकहो, माझ्या खोपटाबद्दल आजवर कुणीही दुसरा प्रश्न विचारलेला नाही. पहिला विचारतात, तोही थंडीने दात वाजत असताना. या बाई मात्र डोळे मोठे करून उभ्या होत्या. मी काठी घेतली आणि मातीत तळं काढलं. तळ्यात खोपटं काढलं, खोपटात खुर्ची काढली. बर्फ किती जाड झाला की माणूस जातो आणि किती जाड झाला की गाडी जाते, ते हात पसरून दाखवलं. अल्विनही उकिडवा बसून ऐकायला लागला.

आता आमची दुसरी रीत. मिनेसोटात निरोप घ्यायचा म्हणजे दोन्ही हात मांड्यांवर आपटून "बरं मग" म्हणायचं. मग उठायचं. मग दारात उभं राहून बोलायचं, मग व्हरांड्यात, मग गाडीशी, मग गाडीच्या खिडकीतून. या प्रकारात मार्लिसचा हात धरणारं आमच्या गावात कुणी नाही. जहाज चुकलं तर तिच्या निरोपापायी चुकेल, अशी माझी घरून निघतानाच खात्री होती.

आणि त्या दिवशी मार्लिसने मांड्यांवर हात आपटले, "बरं मग" म्हणाली, आणि सरळ जाऊन गाडीत बसली. दारात मला बर्फाला भोक पाडायच्या गिरमिटाची आठवण झाली. व्हरांड्यात ड्वेनची पिकअप तळ्यात बुडाली होती ती गोष्ट निघाली. ती अर्धवट कशी सोडणार? गाडीशी आलो तर युडीनबाईंनी मार्लिसच्या टोपीत मूठभर फळं घातली, आम्हाला जायफळाच्या फळाच्या जेलीची बाटली दिली, आणि खिडकीत वाकून विचारलं, "मग ती गाडी वर काढली कशी?"

आता हा प्रश्न काय असा सोडून जाण्यासारखा आहे?

"नॉर्मन," मार्लिस म्हणाली, "जहाज."

उतरताना अल्विनने हॉर्नवरून हातच काढला नाही. धक्क्याच्या फाटकाशी पोहोचलो तेव्हा जहाजाने भोंगा दिला. तो भोंगा पोटात ऐकू येतो. आम्ही पळालो. मार्लिस पुढे, उन्हाच्या टोपीत जायफळं घेऊन, बाटली काखेत. मी मागे, एका हाताने पँट धरून. आणि वरून सुरुवात झाली. टाळ्या, शिट्ट्या, आरोळ्या. अख्खं जहाज कठड्यावर आलं होतं. सगळ्यात मोठा आवाज फ्लेमिंगोवाल्याचा होता.

"पळा, आजोबा, पळा! बस सुटली!"

मी त्या दिवशी मान हलवत म्हटलेलं वाक्य रात्रीपर्यंत गॅलरीत पुन्हा पुन्हा म्हणत होतो, आणि ते तो शेजारच्या गॅलरीतून ऐकत होता, हे मला तेव्हा कळलं. त्याच क्षणी माझी एक चप्पल निसटली. ती घ्यायला मी मागे वळलो, तर जहाज हळहळलं. चप्पल घालून परत पळायला लागलो, तर असा जल्लोष झाला, की तसा माझ्या निवृत्तीच्या समारंभातही झाला नव्हता. मी चक्क हात हलवला. का, ते विचारू नका.

शिडीवर पहारेकऱ्याने टोपीत डोकावून पाहिलं. "ताजी फळं जहाजावर नेता येत नाहीत, मॅडम."

मला वाटलं, आता मार्लिस हसणार. पण तिने विचारलं, "तुम्ही हे कधी बघितलंय का?"

त्याने बघितलं नव्हतं. तिने एक फळ उकलून दाखवलं. त्याने दोर सोडणाऱ्याला हाक मारली, तो आला, त्यानेही वाकून पाहिलं. वरून कुणीतरी अधिकारी ओरडला, तसे सगळे पांगले. फळं कचऱ्याच्या डब्यात गेली. बंद बाटली मात्र आत आली.

रात्री फोटो बघितले. एकात माझा अंगठा होता. दुसऱ्यात मातीतलं तळं, खोपटासकट. तिसऱ्यात अल्विनचा गुडघा.

मार्लिसने फोन खाली ठेवला. मी ओव्हनची वाट बघत होतो, पण जहाजावर ओव्हन नव्हता. "असू दे," ती म्हणाली, आणि या खेपेला तिला खरंच तसं वाटत असावं, कारण ती लगेच झोपली. झोप मला लागेना. तिने एवढा समुद्र ओलांडून एक गोष्ट मागितली, आणि मी खोपटं काढत बसलो, याचं मला फार वाईट वाटत होतं.

परतल्यावरच्या रविवारी चर्चच्या तळघरात सगळे जमले. लव्हॉन किटली घेऊन उभी होती. "काय गं, सापडलं का तुझं झाड?"

"सापडलं," मार्लिस म्हणाली. तिने पर्समधून बाटली काढली आणि झाकण उघडलं. "जायफळाच्या फळाची जेली. घे."

"नको बाई."

"घे थोडीशी, पावाला लावून."

"नको गं, कशाला उगाच," असं म्हणत लव्हॉनने पाव अर्धा उचललादेखील.

"बरं," मार्लिस म्हणाली, आणि तिने झाकण लावलं.

 किटलीचा आवाज तेवढा येत होता. लव्हॉनचा हात पावासकट हवेत राहिला. ड्वेनने कप तोंडापाशी नेला होता, तो तिथेच राहिला. सगळे तिसऱ्या आग्रहाची वाट बघत होते, आणि मार्लिस शांतपणे बाटली पर्समध्ये ठेवत होती. मला अल्विनची आठवण झाली. लव्हॉनचा चेहरा लाल होत गेला, मानेपासून वर.

"मार्लिस," ती शेवटी म्हणाली. आवाज अगदी बारीक होता. "मला हवीय."

त्या तळघरात असं वाक्य पूर्वी कुणी उच्चारलेलं नव्हतं. मार्लिसने झाकण पुन्हा उघडलं आणि स्वतःच्या हाताने पावाला जाड थर लावून दिला. लव्हॉनने खाल्लं. आणखी एक घास खाल्ला.

"आणि ते दोन्ही खरंच एकाच फळात असतं?"

"एकाच."

"दिसतं कसं गं?"

 फोटो नव्हते. पण मार्लिसने माझ्याकडे पाहिलंच नाही. तिने टोपलीतून एक गोल पाव घेतला आणि मधोमध उकलला. वाटीतला एक अक्रोड उचलला. मग लव्हॉनच्याच विणकामाच्या पिशवीतून लाल लोकर ओढून ती अक्रोडाभोवती जाळीसारखी गुंडाळली आणि तो पावात बसवला. लव्हॉनने चष्मा चढवला आणि पाव हातात घेतला. लोणी, पाव आणि गाय यांच्याबद्दल कुणीही काही बोललं नाही.

मी मांड्यांवर हात आपटले. "बरं मग."

मग दारात बोलणं झालं, पायऱ्यांवर झालं, गाड्यांशी झालं. अखेर ड्वेनने गाडी सुरू केली. लव्हॉन आत बसली, काच खाली केली आणि मार्लिसला जवळ बोलावलं. तो पाव अजून तिच्या मांडीवर होता.

"मार्लिस, जहाजावरून खाली उतरायला पायऱ्या फार असतात का गं?"

ड्वेनने गाडी बंद केली.